मायटोकॉन्ड्रियल जीनोमचं ‘कम्प्लीट’ पॅकेज: डेटा घ्या, वर्तुळ सोडा

निकाल आधीच सांगते, म्हणजे घाईत असणाऱ्यांना पुढचं वाचावं लागणार नाही. औषधी वनस्पतीचा मायटोकॉन्ड्रियल जीनोम, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघरांचा स्वतःचा डीएनए, पूर्ण करून देतो म्हणणाऱ्या एका कंपनीकडे आम्ही नमुना पाठवला होता. त्यांच्या सिक्वेन्सिंगला, म्हणजे डीएनए वाचण्याच्या कामाला, पाचपैकी साडेचार. त्याच पॅकेजातल्या विश्लेषणाला दीड, आणि तेही नकाशाच्या रंगसंगतीसाठी. कंपनीचं नाव घालत नाही. हेच पॅकेज उन्नीस-बीस फरकाने सध्या बरेच जण विकतात, माहितीपत्रकंही एकाच साच्यातली असतात, आणि आम्हाला जे दिसलं ते तुम्हाला कुणाकडेही दिसू शकतं.

मी घाटमाथ्याजवळच्या एका अनुदानित कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. प्रयोगशाळेत पीसीआर मशीन आहे, सेंट्रिफ्यूज आहे, आणि पावसाळ्यात दोन्हीला पुरेल अशी वीज नाही. म्हणजे सिक्वेन्सिंग बाहेरूनच करून घ्यावं लागतं. एक छोटा प्रकल्प मंजूर झाला, त्यातला मोठा हिस्सा या एका कामावर गेला.

झाड नरक्याचं. काही जण त्याला अमृता म्हणतात. फुलोरा आला की त्याच्या वासाने नाक दाबावं लागतं, आणि त्याच झाडाच्या लाकडा-सालीत कॅम्पटोथेसिन असतं. हे रसायन १९६६ मध्ये अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून वेगळं केलं. वाणी मूळचे नंदुरबारचे, हे मी दरवर्षी वर्गात सांगते आणि दरवर्षी मागच्या बाकावरचं एखादं पोर पहिल्यांदाच वर बघतं. आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यात तेच रसायन असल्याचं १९७२ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यापासून पुढे टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही कर्करोगावरची औषधं निघाली, १९९६ मध्ये दोन्हींना अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि आपल्याकडे नरक्याच्या तोडीच्या बातम्या यायला लागल्या. आम्ही जंगलातलं एकही झाड ओरबाडलं नाही. कॉलेजच्या रोपवाटिकेतली रोपं वापरली.

मायटोकॉन्ड्रियाच का, असं प्राचार्यांनीही विचारलं होतं. नरक्याचं कुळ इकॅसिनेसी. जुन्या वर्गीकरणात हे कुळ म्हणजे कुठेच न बसणाऱ्या झाडांचं गाठोडं होतं, ते २००१ नंतर सुटलं आणि बरीच झाडं दुसरीकडे गेली. क्लोरोप्लास्टच्या जीनोमवरून जी वंशावळ उभी राहिली, तिला मायटोकॉन्ड्रियाची स्वतंत्र साक्ष मिळते का, हे आम्हाला पाहायचं होतं. नरक्याची भुकटी ओळखायची पट्टी तयार करणे, हा हेतू अजिबात नव्हता. याबद्दल पुढे बोलते, कारण या पॅकेजची सगळ्यात मोठी जाहिरात नेमकी तीच आहे.

आता सेवेकडे. नमुना उचलण्यापासून डीएनए काढण्यापर्यंतचं त्यांचं काम खरोखर नेटकं होतं. औषधी झाडांचं पान डीएनए काढायला त्रासदायक असतं. ज्या रसायनांसाठी आपण त्या झाडाच्या मागे असतो, तीच आणि त्यांच्या जोडीला फिनॉल, चिकट पॉलिसॅकराइड असं सगळं डीएनएबरोबर खाली बसतं. १९८७ पासून जगभर वापरात असलेल्या डॉइल पद्धतीने, म्हणजे सीटॅब हे रसायन वापरून, माझ्या विद्यार्थिनीने काढलेला डीएनए नॅनोड्रॉप या मोजणीयंत्रावर देखणा दिसत होता. त्यांच्या प्रयोगशाळेने क्युबिट या जास्त नेमक्या यंत्रावर मोजला, शुद्धता सांगणारं २६०/२३० चं गुणोत्तर बघितलं आणि फोन केला: मॅडम, यावर लांब रीड्स (एका दमात वाचलेले डीएनएचे तुकडे) येणार नाहीत, पैसे वाया जातील, कोवळी पानं पाठवा. बिल वाढवायची संधी सोडून थांबायला सांगणारा विक्रेता मला विरळाच भेटलाय. मग आम्ही रोपं आधी अंधारात ठेवली, म्हणजे पिष्टमय साठा कमी होतो, आणि कोवळी पानं कोरड्या बर्फात पाठवली. कुरिअरवाल्याला कोरडा बर्फ म्हणजे काय ते समजावण्यात अर्धी सकाळ गेली, पण तो दोष कंपनीचा नाही.

डेटाही चोख आला. हायफाय रीड्स, दहा-पंधरा हजार बेसच्या, म्हणजे डीएनएच्या अक्षरांच्या, लांबीच्या, अचूकता उत्तम. सगळ्या फाइल्स चेकसमसकट, म्हणजे फाइल बिनचूक उतरली का ते पडताळता येतं. एकच तक्रार: डाउनलोडची लिंक लवकर मरते. कॉलेजच्या नेटवर ती फाइल उतरत नव्हती, शेवटी घरी रात्रीतून मोबाईलच्या हॉटस्पॉटवर उतरवली. हार्ड डिस्कवर पाठवाल का विचारलं तर वेगळे पैसे. हे कोटेशनमध्ये लिहायला हवं होतं. अर्धा गुण तिथे गेला.

मग आला अहवाल.

चकचकीत पीडीएफ. मुखपृष्ठावर नरक्याच्या फुलांचा फोटो, आत प्रस्तावना, आणि प्रस्तावनेच्या तिसऱ्या परिच्छेदात अचानक ‘तुळशीच्या या जीनोममुळे’. म्हणजे आधी कुणाचं काम झालं होतं तेही कळलं. पुढे पूर्ण पान भरून एक सुबक वर्तुळ, परिघावर रंगीबेरंगी जनुकं, आतल्या कड्यावर करड्या रंगाचा आलेख. शेजारी अजून एक छोटं वर्तुळ, ‘क्रोमोसोम २’. खाली ठळक अक्षरात: संपूर्ण, वर्तुळाकार. आणि जेनबँकेत, म्हणजे डीएनए क्रमांच्या सार्वजनिक साठ्यात, जमा करून देण्याची सेवा मोफत.

इथे थोडं शास्त्र सांगणं भाग आहे, नाहीतर माझी चिडचिड उगाच वाटेल. माणसाचा मायटोकॉन्ड्रियल जीनोम १६,५६९ बेसचा, एक छोटं वर्तुळ, सगळ्यांचं जवळपास सारखं. सपुष्प वनस्पतींचं प्रकरण वेगळंच. अरबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या रोपाचा जीनोम १९९७ मध्ये वाचला गेला, तो सुमारे ३ लाख ६७ हजार बेसचा निघाला. बांडगुळाच्या एका जातीत तो ६६ हजारांवर आलाय. सायलीन या फुलझाडाच्या एका जातीत तो १ कोटी १३ लाखांवर गेलाय, आणि तिथे वाढलाय तो डीएनए, जनुकांची संख्या नव्हे. बहुतेक झाडांत मूळ प्रथिन-जनुकं तीच चोवीस, अधिक काही असली-नसली तरी चालणारी. मधली सगळी जागा पुनरावृत्तींनी, क्लोरोप्लास्टमधून उडून आलेल्या तुकड्यांनी, केंद्रकातल्या डीएनएने आणि कधीकधी चक्क परक्या वनस्पतींच्या डीएनएने भरलेली. न्यू कॅलेडोनियातल्या अँबोरेला या झाडाच्या मायटोकॉन्ड्रियात शेवाळांचे आणि मॉसचे जीनोम सापडल्याचं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं, तेव्हा मी ते वाचून स्टाफरूममध्ये मोठ्याने हसले होते.

यातल्या पुनरावृत्ती नुसत्या पडून नसतात. त्यांच्यामार्फत जीनोमचे तुकडे आपापसांत पुन्हा जोडले जातात, त्यामुळे एकाच पानात एकाच जीनोमच्या अनेक मांडण्या एकत्र नांदतात. अरबिडॉप्सिसमध्ये अशा दोन मोठ्या पुनरावृत्ती आहेत, एक साधारण ६,५०० बेसची, दुसरी ४,२०० ची. दीडशे बेसची छोटी रीड त्यात पडली की आतल्या आतच संपते. कराड स्टँडवर उभ्या बसचा फोटो बघून ती चिपळूणहून आली की साताऱ्याहून, हे सांगता येत नाही, तसं. म्हणून लांब रीड्सना पैसे मोजायचे. आणि म्हणूनच सगळ्या वनस्पतींचा मायटोकॉन्ड्रिया एका देखण्या वर्तुळात येतो असं जो म्हणतो, त्याच्याकडे जरा डोळे बारीक करून बघायचं. पेशीत प्रत्यक्षात सापडणारा हा डीएनए बराचसा सरळ, फाटे फुटलेला असतो. वर्तुळ ही नकाशा काढण्याची सोय आहे.

तर आम्ही त्या वर्तुळावर त्यांनीच पाठवलेल्या रीड्स परत बसवून बघितल्या. हे काम साध्या संगणकावर होतं, विद्यार्थिनीने लॅपटॉपवरच केलं. कव्हरेजचा, म्हणजे कुठल्या जागेवर किती रीड्स बसतात त्याचा, आलेख काढला तर सगळीकडे सपाट आणि एका ठिकाणी एकदम उंचवटा. हिरव्या पानात क्लोरोप्लास्टचा डीएनए मायटोकॉन्ड्रियाच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे क्लोरोप्लास्टसारखा तुकडा दिसला की क्लोरोप्लास्टच्या रीड्स तिथे झुंबड करतात. असा तुकडा मायटोकॉन्ड्रियात असणं यात गैर काही नाही, जवळपास सगळ्या सपुष्प वनस्पतींत असतात. गैर हे, की वर्तुळ नेमकं त्या तुकड्यातच बंद केलेलं होतं. असेंब्लीची, म्हणजे रीड्स जोडून तयार केलेल्या क्रमाची, दोन्ही टोकं त्या एकाच क्लोरोप्लास्टी तुकड्यात संपत होती, आणि सॉफ्टवेअरने दोन सारखी टोकं बघून त्यांचं लग्न लावून दिलं. तो जोड ओलांडून दोन्ही बाजूंना मायटोकॉन्ड्रियाचा क्रम दाखवणारी एक तरी लांब रीड हवी. एकही नव्हती. आत शिरणाऱ्या रीड्स पुढे थेट क्लोरोप्लास्टच्या जीनोममध्ये निघून जात होत्या.

‘क्रोमोसोम २’ ची कहाणी आणखी गमतीची. त्यातलं कॉक्स-१ जनुक घेऊन डेटाबेसमध्ये शोधलं तर जवळचे नातेवाईक सगळे बुरशीतले. वनस्पतीचं एकही जनुक त्यात नाही. नरक्याच्या आत बुरशी राहते हे नवीन नाही. त्यातली एक बुरशी स्वतःच कॅम्पटोथेसिन तयार करते असा दावा २००५ मध्ये झाला होता, आणि त्यावर अजून वाद चालतात. ज्या झाडाच्या आतल्या बुरशीवरच शोधनिबंध आहेत, त्याच्या पानातून निघालेलं छोटं वर्तुळ झाडाचंच धरायचं? विश्लेषण करणाऱ्याने ‘नरक्या’ हा शब्द एकदा गुगल केला असता तरी शंका आली असती. पण त्याच्या हातात तुळशीचा साचा होता.

जनुकांच्या यादीतही तेच. नॅड-१, नॅड-२ आणि नॅड-५ ही तीन जनुकं सपुष्प वनस्पतींत अखंड सापडत नाहीत. त्यांचे भाग जीनोममध्ये दूरदूर विखुरलेले असतात, कधी उलट्या दिशेने, आणि आरएनए झाल्यावर ते एकत्र शिवले जातात. नॅड-५ चा तिसरा एक्सॉन, म्हणजे असा एक भाग, तर अवघ्या २२ बेसचा. अहवालात तो नाहीच. नॅड-१ ला ‘मृत जनुक’ असा शेरा, कारण सुरुवातीला एटीजी या आरंभखुणेच्या जागी एसीजी आहे. अरे बाबा, वनस्पतींच्या मायटोकॉन्ड्रियात आरएनए तयार झाल्यावर सी चं यू केलं जातं, हे १९८९ पासून माहीत आहे. एसीजीचं एयूजी होतं आणि जनुक बिनबोभाट चालतं. नॅड-१ खरोखर मेलं असतं तर नरक्याच्या श्वसनसाखळीचं काही खरं नव्हतं. ते रोप आमच्या रोपवाटिकेत खांद्यापर्यंत आलंय.

फोन केला. पलीकडे सोलापूरकडचा एक मुलगा, बोलायला अतिशय नम्र.

“मॅडम, सर्कल क्लोज झालंय ना, मग जीनोम कम्प्लीटच आहे.”

“कुठल्या रीडने क्लोज केलंय, ती मला दाखव.”

“सॉफ्टवेअरने केलंय मॅडम.”

त्याचा राग आला नाही. त्याच्यावर आठवड्याला किती अहवाल काढायचे याचं ओझं असणार, आणि त्यांच्याकडे येणारं बहुतेक काम जिवाणूंचं नाहीतर क्लोरोप्लास्टचं. तिथे हीच पद्धत बरोबर चालते. क्लोरोप्लास्टचा जीनोम शहाण्या मुलासारखा साधारण दीड लाख बेसच्या चौकटीत येतो. खंत याची वाटली की विकताना मायटोकॉन्ड्रियाचे पैसे घेतले आणि विचार क्लोरोप्लास्टचा केला. ईमेलवर सगळे आलेख पाठवल्यावर मात्र त्यांनी दुसऱ्या एका ज्येष्ठ माणसाकडे काम दिलं, असेंब्लीची ग्राफ फाइल (कुठला तुकडा कुठल्या तुकड्यांना जोडता येतो याचा नकाशा) पाठवली, बुरशीचं वर्तुळ काढून टाकलं. पैसे जादा मागितले नाहीत. दीड गुण नुसत्या रंगसंगतीचा म्हणाले खरी, पण त्यातला निम्मा या वागणुकीचा धरा. पुढची जोडणी आम्ही त्या ग्राफवरून बँडेज या मोफत सॉफ्टवेअरमध्ये स्वतः केली. प्रत्येक पुनरावृत्तीपाशी कुठल्या मांडणीला किती रीड्स पाठिंबा देतात ते मोजलं, आणि जे चित्र आलं ते वर्तुळ नाही. नेमका आकार आणि मांडणी आमचा लेख आल्यावर बघा.

ज्यांना हे पॅकेज घ्यायचंच आहे त्यांनी पैसे देण्याआधी लेखी विचारून घ्यावं: कच्चा डेटा पूर्ण मिळणार का, ग्राफ फाइल मिळणार का, कव्हरेजचा आलेख देणार का, आणि प्रत्येक जोडावर लांब रीडचा पुरावा दाखवणार का. यातल्या शेवटच्या प्रश्नावर पलीकडचा माणूस गडबडला की समजून जा. मोफत जेनबँक जमा करण्याच्या मोहात पडू नका. जेनबँकेत फाइलचं स्वरूप आणि ठळक चुका तपासल्या जातात, तुमची मांडणी जीवशास्त्रीयदृष्ट्या खरी आहे का हे कुणी घरी येऊन बघत नाही. एकदा चुकीचं वर्तुळ तिथे गेलं की पुढचा माणूस ते संदर्भ म्हणून घेतो आणि त्याचंही वर्तुळ तुमच्यासारखंच येतं.

अजून एक, ज्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. नमुना देशातच राहणार का, हे विचारा. काही विक्रेते नमुने गोळा करतात आणि मशीन परदेशात चालतं. जैवविविधता कायदा, २००२ नुसार आपलं जैविक साहित्य परदेशी संस्थेकडे जाण्यासाठी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम लागू होतात. नरक्यासारख्या झाडाच्या बाबतीत तर सावध राहिलेलंच बरं. आमच्या विक्रेत्याने मशीन भारतात असल्याचं लेखी दिलं, हा त्यांच्या बाजूचा मुद्दा.

आता त्या जाहिरातीकडे. ‘भेसळ ओळखण्यासाठी मायटोकॉन्ड्रियल जीनोम’. वैद्य मंडळी आणि छोटे आयुर्वेदिक कारखानदार याला भुलतात, मला दोघातिघांचे फोन आलेत. स्पष्ट सांगते, यासाठी हे घेऊ नका. प्राण्यांमध्ये मायटोकॉन्ड्रियाचा कॉक्स-१ जनुकाचा तुकडा ओळखपट्टी म्हणून चालतो, कारण तिथे तो भराभर बदलतो. वनस्पतींत उलटं आहे: मायटोकॉन्ड्रियाची जनुकं बहुधा क्लोरोप्लास्टपेक्षाही सावकाश बदलतात, हे १९८७ पासून छापून आलेलं आहे. जवळच्या दोन जातींत फरकच सापडत नाही. म्हणून तर २००९ मध्ये वनस्पतींची ओळखपट्टी म्हणून आरबीसीएल आणि मॅट-के ही क्लोरोप्लास्टची दोन जनुकं ठरली, आणि जोडीला केंद्रकातला आयटीएसचा तुकडा वापरतात. सीता अशोकाच्या सालीत आसुपालवाची साल मिसळलेली आहे का, वावडिंगात भलतीच फळं आहेत का, हे तुम्हाला यातून काही हजारांत कळेल. त्यासाठी प्रकल्पाचा निम्मा पैसा मायटोकॉन्ड्रियावर घालणं म्हणजे विक्रेत्याची सोय.

मग कुणी घ्यावं? वंशावळीवर काम करणाऱ्यांनी, परक्या जनुकांच्या शिरकावाचा अभ्यास करणाऱ्यांनी, आणि मुख्य म्हणजे नर-वंध्यत्वावर, म्हणजे झाडात सक्षम परागकण तयार न होण्यावर, काम करणाऱ्यांनी. संकरित बियाण्याचा बराचसा व्यवहार मायटोकॉन्ड्रियातल्या या एका बिघाडावर उभा आहे. १९६४ मध्ये आलेली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी अशाच नर-वंध्य वाणावर बेतलेली होती, आणि तिने आपल्या शिवारांचं काय केलं हे माझ्या वडिलांच्या पिढीला विचारा. धोकाही तिथूनच येतो: १९७० मध्ये अमेरिकेत मक्याचं पीक करप्याने झोपलं, ते बहुतेक सगळं बियाणं ‘टेक्सास’ या एकाच नर-वंध्य प्रकारावर असल्यामुळे, आणि त्याचं मूळ मायटोकॉन्ड्रियातल्या एका जनुकात सापडलं. औषधी वनस्पतींची लागवड वाढतेय, उद्या त्यांच्याही संकरित जाती येतील. त्या कामाला नीट वाचलेला मायटोकॉन्ड्रिया लागेल.

पैशांचं: रक्कम पाच आकड्यांत, वरच्या टोकाची, त्यावर अठरा टक्के जीएसटी वेगळा. विश्लेषणाचा आकडा कोटेशनमध्ये वेगळा दाखवायला सांगा. ‘पॅकेजमध्येच आहे’ असं सांगितलं तरी हट्ट धरा, तो निघतो. आमच्या दुसऱ्या नमुन्याची ऑर्डर त्याच कंपनीला गेलीय, फक्त डीएनए आणि हायफाय डेटासाठी. विश्लेषणाच्या ओळीवर काट मारली तेव्हा एकूण रक्कम चांगलीच खाली आली, आणि त्यातून मोठी हार्ड डिस्क बसली.